मोल्या परत केल्या तेव्हापासून

त्या दिवशी सकाळी मासोळीची अर्धी शेपटी गेलेली होती आणि हे चहात टोस्ट बुडवत म्हणाले, “होते असं. जमून राह्यलं त्यांचं.” जमून राह्यलं म्हणे! ती बिचारी फिल्टरच्या मागं, काच आणि पाइप यांच्यातल्या बोटभर फटीत उभी होती. उभी म्हणजे खरोखरच उभी, तोंड वर, शेपटीचं जे काय उरलं होतं ते खाली, आणि तो काळ्या पट्ट्यांचा नर टाकीच्या मधोमध मालगुजारासारखा फिरत होता. मध्येच एकदम वळायचा, फटीपाशी जायचा, तोंड उघडायचा, आणि ती आणखी आत सरकायची, जिथं सरकायला जागाच नव्हती. मी म्हटलं, “अजी, मरन ना ती.” “तू मधात नको पडू,” हे म्हणाले, “प्रोसेस आहे ती.” यांची ही प्रोसेस मी लग्न झाल्यापासून ऐकत आले आहे. पॉवर स्टेशनात होती तोवर बरी होती. ती तिकडे, मी इकडे. आता रिटायर होऊन ती माझ्या बैठकीत आली आणि खिडकीखाली काचेची टाकी होऊन बसली. दिवसरात्र भुर्र भुर्र करते. हवेचा पंप आहे म्हणे. मी पुढं काही बोलले नाही. बोलले असते तर पाण्याचं तापमान, ऑक्सिजन, हीटर, सगळं ऐकून घ्यावं लागलं असतं आणि तिकडे दूध उतू गेलं असतं.

दूध तरीही उतू गेलंच. गॅस पुसताना मनात आलं, आजच जावं. हे काही त्या शेपटीमुळं मनात आलं असं नाही. माझी बॅग दिवाळीपासूनच पलंगाखाली भरून ठेवलेली होती. मूल गावी माझी मोठी बहीण राहते, मनकर्णा. आम्ही तिला बाईच म्हणतो. जिजाजी गेल्यापासून ती एकटी आहे, राइस मिलच्या मागच्या गल्लीत, दोन खोल्या आणि अंगण. सकाळी विहारात जाते, दुपारी झोपते, संध्याकाळी ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्यांची खबर घेते. “ये ना वं इथी,” ती फोनवर म्हणाली होती, “दोघी राहू. कोणाची कटकट नाई.” चार दिवस माहेरपणाला नाही, कायमचं. आणि मी हो म्हटलं होतं. हो म्हटलं, बॅग भरली, आणि मग रोज सकाळी उठून इथंच चहा ठेवत होते, कारण जायचं कसं ते ठाऊक होतं, पण काय सांगून जायचं ते काही केल्या सुचत नव्हतं. हे मारत नाहीत. पीत नाहीत. बाहेर कुठं काही भानगड नाही. नागपूरला माझी मुलगी आहे, उर्वशी, तिला काय सांगू? की तुझे बाबा घरी असतात म्हणून मी घर सोडलं? हसली असती ती. पंचावन्न वर्षांच्या बाईनं नवरा घरी असतो म्हणून निघून जायचं, हे ऐकायलाच कसं वाटतं! मलाच हसू येत होतं, आणि हसू येत होतं म्हणून आणखी संताप होत होता.

कारण आम्ही कधी एकत्र राहिलोच नव्हतो, हे कोणाला सांगून पटणार? ऊर्जानगरच्या क्वार्टरमध्ये आमचा सबंध संसार झाला, दोन पोरं झाली, शिकली, आपापल्या वाटेनं गेली, पण यांची ड्यूटी शिफ्टची. एक आठवडा सकाळची, एक दुपारची, एक रात्रीची. हे यायचे तेव्हा मी झोपलेली, मी उठायचे तेव्हा हे झोपलेले. रात्रपाळीच्या आठवड्यात आतल्या खोलीच्या खिडक्यांना काळा कागद लागायचा आणि भरदिवसा तिथं रात्र असायची; त्या खोलीत जाताना मी बांगड्या, पैंजण, श्वाससुद्धा सांभाळून जायचे. ऊर्जानगरच्या बायकांची एक विद्या आहे, दुसऱ्या कुठल्या गावच्या बाईला ती येत नसेल: कुकरची शिट्टी होऊ न देता भात शिजवणं. शिट्टी थरथरायला लागली की नेमकं त्याच क्षणी चिमट्यानं किंचित उचलायची, वाफ हळूच जाऊ द्यायची, परत बसवायची. आमची पोरं भांडायची तीसुद्धा कुजबुजत. अजयला शाळेत मोठ्यानं वाचायला उभं केलं तरी तो कुजबुजतच वाचायचा, म्हणून त्याच्या मास्तरीणबाईंनी मला बोलावून घेतलं होतं. आणि मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही, खरं सांगते. मी दुपारी अंग टाकायला जायचे तेव्हा यांच्या उशीवरचा खळगा अजून कोमट असायचा, हे नुकतेच उठून ड्यूटीवर गेलेले. मी त्यात गाल ठेवायचे. कंपनीच्या बसमधून उतरून हे गेटपाशी दिसले की मी पदर सारखा करायचे, चाळिशी उलटेपर्यंत करायचे. माणूस थोडा थोडा मिळत होता आणि तेवढा पुरत होता.

आणि बोलायला नथ्थूभाऊ होते. नथ्थूभाऊ म्हणजे वरच्या मजल्यावरचे. नोकरी तिथलीच, पण जनरल शिफ्ट, म्हणजे रोज रात्री घरी झोपणारा सुखी जीव. हे रात्रपाळी करून आडवे झाले की बरोब्बर वर त्यांच्या घरी लोखंडी खलबत्त्यात लसूण कुटणं सुरू. आमच्या वाळत घातलेल्या चादरीवर त्यांच्या बाल्कनीतून पाणी; पॉवर स्टेशनच्या चिमणीची राख तर पडायचीच, त्यात वरून त्यांचं पाणी, म्हणजे चादरीवर नुसता चिखल. हे डोळे उघडून छताकडे बघायचे, मी दाराशी उभी, आणि दोघं एकदमच म्हणायचो, “नालायक!” त्यानंतर जे बोलणं व्हायचं ते माझ्या आयुष्यातलं सगळ्यात गोड बोलणं. नथ्थूभाऊंचं चालणं, त्यांचं स्कूटर पुसणं, त्यांच्या बायकोचं “आमच्याकडे असं नसते बाई” म्हणणं, एकेक घेऊन आम्ही सोलत बसायचो. हे त्यांची नक्कल करायचे आणि वर ऐकू जाऊ नये म्हणून मी तोंडात पदर कोंबायचे. एकदा तर आम्ही दोघं मिळून वर भांडायला गेलो होतो. जिना चढताना यांनी माझा हात धरला होता. लग्नात धरला होता तो भटजींच्या नाही, भन्तेजींच्या समोर, सगळ्यांच्या देखत, भीत भीत धरलेला हात; जिन्यात धरला तो आपला म्हणून धरला.

मग रिटायरमेंट झाली, क्वार्टर सुटलं, शहराच्या कडेला, तुकूमच्या पुढच्या नवीन लेआउटमध्ये आमचं स्वतःचं घर झालं. दोन्ही बाजूंना रिकामे प्लॉट, त्यात बेशरमाची झुडपं. शेजारी नाही. आवाज नाही. आणि हे घरात. सकाळी घरात, दुपारी घरात, संध्याकाळी घरात. मी कुकर लावला की हे दारात उभे. “काऊन उचलून राह्यली शिट्टी? प्रेशर चाललं ना वाया.” मी म्हटलं, तुमच्यासाठीच शिकले. “मी काय झोपून आहो का आता?” वांगी अशी काऊन कापते, नळ इतका काऊन सोडते, बाजारात पायी काऊन गेली, ऑटोनं काऊन आली. दिवाळीत मी दोन दिवस उर्वशीकडे जाऊन आले, तर माझ्या सगळ्या डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवलेल्या. तूर. हरभरा. हळद. नुसत्या नावाच्या नाही, वर नंबर. कंट्रोल रूममध्ये व्हॉल्व्हला असतात तसे. आणि डबे नंबराप्रमाणे लावलेले, म्हणजे मीठ सगळ्यात वर, माझा हात पोचत नाही तिथं. हे दारात उभे, चेहऱ्यावर शाबासकीची वाट. “आता आंधळा माणूसही सैपाक करन,” म्हणाले. मी त्या दिवशी मुद्दाम अळणी भाजी केली. हे जेवले, पाणी प्यायले, आणि म्हणाले, “मीठ. डबा नंबर चार.” बॅग मी त्याच दिवशी भरली.

मासे त्याच्या थोडे आधी आले होते. जटपुरा गेटकडे राजदीपचं माशांचं दुकान आहे. हे जातायेता त्याच्या काचेला नाक लावून उभे राहायचे, असं त्यानंच मला नंतर सांगितलं. त्यानं यांना झेब्रा सिक्लिडची जोडी दिली, “लागलेली जोडी आहे काका, टेन्शन नाई,” आणि टाकी भरलेली दिसावी म्हणून काळ्या मोल्या आणि काच चाटत फिरणारा एक सकर मासा. मी ठरवलं होतं, त्या टाकीकडे बघायचंच नाही. पण भाजी निवडायला उजेड खिडकीपाशीच चांगला येतो, आणि मग बघितलंच. नर तिच्यासमोर आडवा व्हायचा, सगळे पंख ताठ उघडायचा आणि अंगभर थरथरायचा, हिवताप चढल्यासारखा. ती पोटावरची केशरी चमक त्याच्याकडे वळवायची, जरा पुढं जायची, थांबायची. मग दोघं एकमेकांचं तोंड तोंडात धरून ओढायचे. हा लाड चालला आहे की मारामारी, काही कळायचं नाही. मग एकदम सोडायचे आणि अंगाला अंग लावून मातीच्या कुंडीत शिरायचे, कुंडी आतून तोंडानं घासून साफ करायचे. ते मला आवडायचं, खोटं कशाला बोलू. आणि मोली जवळ आली रे आली की दोघं एकदम बाहेर. एक इकडून, एक तिकडून. मोल्यांना पार कोपऱ्यात दाबून परत येताना दोघं अशी डोलत यायची की बस! आल्यावर पुन्हा पंख, पुन्हा थरथर. कुंडीत अंडी आली तेव्हा यांनी मला स्वयंपाकघरातून ओढत नेलं, टॉर्च मारला, “पाह्य, पाह्य,” आणि त्या दिवशी आम्ही दोघं टाकीसमोर बसूनच जेवलो.

अंडी पांढरी पडली. बुरशी आली. पहिल्या खेपेला होते तसं, राजदीप म्हणाला. पण यांना फॉल्ट सापडला पाहिजे. कुठल्याही गोष्टीत एक फॉल्ट असतो आणि तो काढून टाकला की लाइन चालू होते, ही यांची श्रद्धा आहे. यांनी ठरवलं, फॉल्ट म्हणजे मोल्या. “डिस्टर्ब होऊन राह्यले ना हे त्यांच्यानं. जोडीले शांतता पाह्यजे.” मोल्या आणि सकर जाळीनं काढले, पिशवीत भरले, राजदीपला परत करून आले. येताना शीळ वाजवत आले. टाकीत आता ती दोघंच, सगळं पाणी त्यांचं. पहिल्याच दिवशी नर टाकीभर फिरला, चारी कोपरे बघून आला. कोणी नव्हतं. परत आला, ती कुंडीच्या तोंडाशी होती, आणि त्यानं तिलाच धडक दिली. माझ्या हातात कोथिंबिरीची, आमच्या सांभाराची, जुडी होती. मला त्या क्षणी सगळं समजलं, आणि समजलं याचाच भयंकर राग आला. त्याला हाकलायला कोणी उरलं नव्हतं. अंगात जोर होता तेवढाच होता, तो बिचारा जाणार कुठं! मी यांना सांगितलं, मोल्या परत आणा. “तू काय मासोळ्यांची डॉक्टर झाली का?” म्हणाले. “दिल्या त्या दिल्या.”

मासे म्हणजे आपणच, असलं काही मला म्हणायचं नाही. असलं कोणी माझ्या तोंडावर म्हटलं तर मी उलथनं घेऊन धावेन. मासे मासे आहेत. पण दिवसभर डोळ्यांपुढं तेच चाललं असेल तर माणसानं डोकं कुठं ठेवायचं? मी गच्चीवर कपडे वाळत घालायला जायचे आणि बाजूच्या रिकाम्या प्लॉटकडे बघत उभी राहायचे. वाटायचं, इथं कोणीतरी घर बांधावं. चांगला अस्सल नालायक माणूस यावा, त्यानं आमच्या गेटसमोर रेती टाकावी, पहाटे मोटार लावावी. नथ्थूभाऊ आता भंडाऱ्याला मुलाकडे असतात; एकदा तर त्यांना फोन लावायला मी मोबाइल हातात घेतला होता. काय बोलले असते कोणास ठाऊक. चादरी स्वच्छ निघत होत्या आणि त्या स्वच्छ चादरींचा मला वीट आला होता.

तर त्या शेपटीच्या दिवशी हे बँकेत गेले, हयातीचा दाखला द्यायला. नोव्हेंबरात पेन्शनवाल्यांना आपण जिवंत आहोत हे जाऊन दाखवावं लागतं. गेटची कडी वाजली तशी मी पातेल्यांतला भाताचा मोठा गंज घेतला, त्यात टाकीतलंच पाणी भरलं आणि जाळी आत घातली. नर जाळीवर तुटून पडला. ती मात्र फटीतून निघेना; तिला काय ठाऊक ही जाळी कशाची. माझा ब्लाउज दंडापर्यंत भिजला. शेवटी आली. गंजात गेल्यावर तळाशी एका कुशीवर पडून राहिली, कल्ले भराभरा हलत होते. मी स्टूल ओढून तिच्याजवळ बसले आणि मूलला फोन लावला. “बाई, मी आज येऊन राह्यली.” “ये. भात जास्तीचा लावते,” बाई म्हणाली. काऊन म्हणून तिनं विचारलं नाही. बॅग पलंगाखालून काढायला मी उठले आणि तेवढ्यात स्कूटर वाजली.

हे आले, हातपाय धुवायच्या आधी टाकीपाशी गेले. “फिमेल कुठी आहे?” “माह्या सैपाकघरात आहे.” हे आले, वाकून बघितलं. “भाताच्या गंजात?” “हो. नंबर टाका त्याच्यावर.” एवढंच म्हटलं मी, आणि मग जे सुरू झालं! आम्ही सगळा जन्म कुजबुजून बोललेली माणसं. मोठ्यानं भांडायचं कसं हे आम्हाला येत नव्हतं. आवाज भलतीकडेच चढायचे, फाटायचे. “सगळ्यात तुह्यं मधात पडणं! प्रत्येक गोष्टीत!” “मी मधात पडते? सकाळपासून सैपाकघराच्या दारात कोण उभं राह्यते?” “घर माह्यं आहे, मी कुठी उभं राह्याचं तेही तूच सांगन का?” “त मंग मी कुठी राहू ते सांगा!” यांचा चेहरा लाल झाला होता. म्हणाले, “रात्र रात्र जागलो मी ह्या घरासाठी. आता दोन गोष्टी सांगाव त मी तुले नकोसा झालो.” आणि माझ्या तोंडून गेलं, “रातच्याले तुम्ही जागले, दिवसा आम्ही श्वास नाई घेतला.” यांना काही सुचलं नाही की हे हातानं काहीतरी करतात. यांनी दोन्ही हातांनी गंज उचलला. “आराम झाला तिचा,” म्हणाले, “आता भेटतीन त चांगले राह्यतीन. थोडं दूर ठेवलं की लागते ओढ.” मी नको नको म्हणत मागं धावले, तोवर गंज टाकीत रिकामा झाला होता.

ती टाकीच्या मधोमध थांबली. नर कुंडीतून बाहेर आला. मी डोळे मिटायला हवे होते, पण मिटले नाहीत. तो आला, तिच्यासमोर आडवा झाला, पंख उघडले, सगळेच्या सगळे, निळसर कडा चमकल्या, आणि थरथरायला लागला. तिनं पोट वळवलं. अर्ध्या शेपटीनं ती कशीबशी त्याच्या बाजूला गेली, तोही तिच्या बाजूनं सरकला, आणि दोघं अंगाला अंग लावून एक संथ फेरा फिरली. “पाह्य,” हे म्हणाले, अगदी हळू, पूर्वीच्या आवाजात. “पाह्य मंजू.” आणि यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. बँकेच्या शाईचा ठसा अंगठ्याला तसाच होता. किती महिन्यांनी तो हात खांद्यावर आला होता! माझं सगळं अंग सैल झालं, लाज वाटावी इतकं, आणि मला वाटलं, काढावी बॅग, कपडे कपाटात ठेवून द्यावे, करावा चहा. मग त्यानं मारलं. पंख मिटलेसुद्धा नव्हते त्याचे. डोळ्याजवळ धरलं आणि झटकलं, आणि दोनचार खवलं पाण्यात चमकत चमकत खाली यायला लागली. यांनी जाळी शोधली नाही, बाही वर केली नाही, घड्याळासकट हात आत घातला. नर यांच्या बोटांना चावत होता आणि हे त्या हातानंच तिला चाचपडत होते. सापडली. ओंजळीत धरून गंजात टाकली, वर पाणी ओतलं. पाणी फरशीभर झालं होतं. हे स्टुलावर बसले.

“इथी नको ठेवू हिले,” हे म्हणाले. “मी परत टाकीन हिले त्याच्यात. आज नाई टाकनार. उद्या मले वाटन, आता जमन. उद्या नाई त परवा वाटन. मी टाकीनच. माह्यं मले माहीत आहे ना.” मग माझ्याकडे न बघता, घड्याळ काढून कानाला लावून बघत म्हणाले, “पलंगाखालची बॅग घे अन् हिले घेऊन जा.”

म्हणजे यांना माहीत होतं! दिवाळीपासून पलंगाखालचा केर हेच काढत होते, कारण माझा झाडू म्हणे कोपऱ्यात पोचत नाही. म्हणजे रोज ती बॅग बाहेर काढायची, खाली झाडायचं आणि परत होती तशी सरकवून ठेवायची. एक शब्द बोलायचा नाही! डब्यांवर नंबर टाकता येतात, आणि कुठी चालली वं, एवढं विचारता येत नाही? माझा इतका संताप झाला की मी खरोखरच निघाले. सांगायला कारण काही सापडलं नव्हतं, आणि आता ते लागतही नव्हतं. मासोळीला बिस्किटांच्या मोठ्या बरणीत घेतलं. हे मला स्कूटरवरून बसस्टँडला सोडायला आले, सबंध रस्ता मागं वळून सांगत, “झाकण अर्धं उघडं ठेव. उन्हात नको धरू. पोचली की अर्धंच पाणी बदल.” मूलची गाडी लागलेली होती. यांनी बॅग वर दिली, खिडकीपाशी उभे राहिले, आणि गाडी हलेपर्यंत बरणीकडेच बघत होते. मला वाटत होतं, आता म्हणतील, आता म्हणतील. “हादरे बसू देऊ नको,” म्हणाले. शेजारच्या बाईनं विचारलं, मासोळी कुठं नेता. मी म्हटलं, माझ्यासारखीच चालली.

मूलला भाताची कापणी उरकत आली होती, मिलमध्ये धान यायला लागलं होतं, सगळ्या गल्लीला कोंड्याचा वास. बाईनं अंगणात कडुनिंबाखाली प्लास्टिकचा टब दिला, त्यात मासोळी सोडली. पहिले काही दिवस मी नुसती झोपले. मग एकदा भात लावला, तर बाई मागून म्हणाली, “शिट्टी काऊन उचलून राह्यली वं?” मी म्हटलं, झालं! इथंही सुरू. आणि रोज संध्याकाळी यांचा फोन. माझी विचारपूस नाही, “काय म्हणते ती? शेपटी भरली का?” भरते आहे, मी सांगायचे, कडेला पांढरी झालर आली आहे. “अन् तो काय करते?” मी विचारायचे. मग हे सुरू व्हायचे. तो आता हीटरवर धावतो. काचेत स्वतःलाच बघतो आणि तोंड आपटतो. दाणे टाकायला गेलं तर बोट धरतो. कुंडी उलटी करून टाकली त्यानं. “नालायक आहे तो,” हे म्हणायचे. “पहिल्यापासूनच नालायक होता,” मी म्हणायचे, “तुम्हाले दिसला नाई.” “अवं, चालते कसा माहीत आहे का? असा...” आणि फोनवरून चालणं दिसत नाही हे विसरून हे मला चालून दाखवायचे, स्लिपरचा आवाज यायचा. मी हसून हसून बेजार. बाई तांदूळ निवडता निवडता माझ्याकडे बघत राहायची. एक एक तास. मोबाइल गरम व्हायचा कानाला.

आणि एके संध्याकाळी हे म्हणाले, “देऊन आलो आज.” “काय देऊन आले?” “त्यालेच. राजदीपले वापस करून आलो. आपल्याले नाई पाह्यजे म्हटलं असा मासा. फॉल्टच काढून टाकला.” मी कपाळावर हात मारून घेतला. “अजी, त्याले काऊन देलं!” “आता घ्या! तूच त रोज म्हणे...” यांच्या बाजूनं भुर्र भुर्र ऐकू येत होतं. टाकीत जीव नाही आणि पंप चालू ठेवला होता या माणसानं. नावं ठेवायला आता कोणी नव्हतं. हे फोन ठेवतील म्हणून मी वाट बघत होते. तिकडे तेही बहुतेक तेच करत होते. मग हे म्हणाले, “तिले घेऊन ये ना आता. तिले मारनारं कोणी नाई राह्यलं इथी.”

“तुम्ही आहा ना,” मी म्हटलं.

ठरवून नाही म्हटलं. गेलं तोंडातून. मला वाटलं, आता भडका उडणार, आता मी काय केलं, किती जागलो, प्रोसेस, सगळं येणार. काहीच आलं नाही. यांचा श्वास तेवढा ऐकू येत होता, मग खाकरले, मग पुन्हा काही नाही. मी घाबरलेच. “अजी?” म्हटलं. “मी येऊन जाऊ का तिकडे?” हे म्हणाले. “सकाळच्या गाडीनं येतो. जेवतो. संध्याकाळच्या गाडीनं वापस जाईन.” आणि जरा थांबून, नव्या माणसाशी बोलावं तसं, “जमते का तुले?”

जमते का तुले! सगळा संसार झाला, दोन पोरं झाली, घर बांधून झालं, आणि हे विचारायला या माणसाला आज वेळ मिळाला. मला असा राग आला, असा राग आला की डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. बाईनं सूप खाली ठेवलं. मी तिला हातानंच काही नाही म्हणून खूण केली.

“बाईले विचारून सांगते,” मी म्हटलं, आणि फोन ठेवून दिला. बाई समोरच बसली होती. तिला मी काही विचारलं नाही. उद्या सकाळी कळवीन, मनाशी म्हटलं. बसू दे यांना आज वाट पाहत.